गाडीच्या बॅटरीचा जमाखर्च

सदर : संसाराचा हिशोब



पाऊस सरत आला आहे. वर्षावासाचा शेवटचा महिना असल्याने विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू आहे. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर तोंडावर आले की आपल्या वस्त्यांतून नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्याची तयारी सुरू होते. कोणी रेल्वेने जातो, कोणी एस.टी.ने, तर विदर्भातील जवळपासच्या गावांतून कितीतरी तरुण मंडळी दुचाकीने निघतात. अशा वेळी चार महिने पावसात भिजलेली गाडी ऐन सकाळी रुसते. सेल्फचे बटण दाबले की नुसता ‘कट्-कट्’ आवाज येतो आणि घरातील सगळी माणसे अंगणात येऊन उभी राहतात.

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जाणारा कामगार, पहाटे मंडईतून भाजी आणणारा विक्रेता, घरोघर पार्सल पोहोचवणारा मुलगा, साईटवर जाणारा गवंडी आणि रंगारी, स्कूटरवरून वाड्या-वस्त्या फिरणारी आशाताई, या सर्वांची भाकरी दोन चाकांवर चालते. गाडी बंद पडली की त्या दिवसाची हजेरी जाते. म्हणून या वेळी संसाराच्या हिशोबात आपण गाडीचा, त्यातही गाडीच्या बॅटरीचा हिशोब मांडणार आहोत. तांत्रिक शिक्षण नसलेल्यालाही समजेल, अशाच भाषेत तो मांडतो.

बॅटरी म्हणजे बचत खाते

बॅटरी वीज तयार करीत नाही, ती फक्त वीज साठवून ठेवते. इंजिन चालू असताना गाडीतील मॅग्नेटो वीज तयार करतो, रेग्युलेटर नावाची डबी ती वीज योग्य प्रमाणात बॅटरीत भरते आणि सेल्फ, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट वगैरे त्यातून वीज काढतात. म्हणजे हे अगदी बँकेच्या खात्यासारखे झाले. जमा कमी आणि उचल जास्त असेल, तर एक दिवस खाते रिकामे होणारच!

आपल्या गाड्यांत १२ व्होल्टची शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी असते. तिच्यात सहा खण असतात आणि प्रत्येक खण साधारण २ व्होल्टचा असतो. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे पातळ केलेले आम्ल यांच्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते. बॅटरीवर ३, ४, ५ किंवा ९ असा आणखी एक आकडा लिहिलेला असतो, तो अँपिअर-अवरचा. हा आकडा म्हणजे खात्यात जास्तीत जास्त किती शिल्लक राहू शकते याची मर्यादा. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची, म्हणजे फार लहान असते. मोटारीची बॅटरी तिच्या दहापट मोठी असते. म्हणून मोटारीला जो निष्काळजीपणा खपतो, तो मोटारसायकलला खपत नाही.

खाते रिकामे झाले की शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसलेला असतो. लगेच चार्जिंग केले तर तो विरघळतो. बॅटरी महिनाभर तशीच रिकामी पडू दिली, तर तो थर कडक होतो आणि मग कितीही चार्ज केले तरी बॅटरी पूर्वीसारखी धरत नाही. गाडी दोन महिने गावी उभी करून आलेल्यांची बॅटरी ‘अचानक’ मरते, ती याच कारणाने.

आता बॅटरीचे महत्त्व वाढले आहे

जुन्या गाड्या किक मारली की बॅटरी नसतानाही चालू होत. त्यामुळे ‘बॅटरी मेली तरी काय बिघडते’ अशी सवय आपल्याला लागली. ती सवय आता सोडली पाहिजे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा समोरचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटता असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या गाड्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवितो. बॅटरी पार झोपली असेल, तर अशा अनेक गाड्या धक्का मारूनही चालू होत नाहीत. काही गाड्यांना तर आता किकच नसते. म्हणून नवी गाडी घेताना किक आहे की नाही, हे जरूर पाहावे. रोज पहाटे कामावर जाणाऱ्याला किक असलेली गाडी केव्हाही बरी.

शिल्लक जाते कुठे?

गॅरेजमध्ये गेल्यावर पुष्कळदा पहिले वाक्य ऐकू येते ते ‘बॅटरी गेली, बदलावी लागेल’ हे. पण खाते रिकामे झाले म्हणून बँकच बदलायची असते का? आधी पैसा कुठे गळतो ते पाहावे लागते. गळतीची नेहमीची ठिकाणे अशी आहेत :

१) ब्रेकचा स्विच : मागच्या ब्रेकचा स्विच चिखलाने अडकतो किंवा त्याची स्प्रिंग जास्त ताणलेली असते आणि ब्रेक लाईट सतत पेटत राहतो. साध्या ब्रेक लाईटचा बल्ब २१ वॅटचा असतो. २१ ला १२ ने भागा. उत्तर येते पावणेदोन अँपिअर. तीन अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी या एका बल्बने पावणेदोन तासांच्या आत रिकामी होऊ शकते! किल्ली चालू ठेवून, ब्रेकवरचा पाय काढून, मागे जाऊन एकदा पाहा. फुकटात होणारी ही तपासणी आहे.

२) छोट्या फेऱ्या : सेल्फ मोटर काही सेकंदच चालते, पण तेवढ्यात ती दिव्याच्या कितीतरी पट वीज ओढते. घरापासून किराणा दुकान, दुकानापासून शाळा अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत उचल होते, पण भरणा होत नाही. गाडीला किक असेल, तर सकाळची पहिली सुरुवात किकनेच करावी. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि पुन्हा दाबण्याआधी थोडे थांबावे.

३) वरचे दिवे आणि कर्णे : हा मुद्दा तरुण मित्रांसाठी मुद्दाम लिहितो. १४ एप्रिलच्या रॅलीसाठी गाडीला निळे दिवे, मोठा हॉर्न, मोबाईल चार्जर असे सर्व काही जोडले जाते. त्यासाठी मूळ वायर कापून तिला चिकटपट्टी गुंडाळतात. जयंती संपते, पण ते जोडकाम तसेच राहते, पावसात त्यात पाणी जाते आणि वीज गळत राहते. शिवाय वेगवेगळ्या सुरांचे कर्णकर्कश हॉर्न कायद्यानेही मना आहेत. बाबासाहेबांची जयंती हा आपला सर्वांत मोठा सण आहे. तो साजरा करताना आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला आपल्या हॉर्नचा त्रास होऊ नये, एवढे भान आपण ठेवलेच पाहिजे.

४) सैल किंवा गंजलेले टर्मिनल : खड्ड्यांतून गाडी चालवून बॅटरीचे स्क्रू ढिले होतात. त्यावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पावडर जमते. मग बॅटरी चांगली असूनही वीज पुढे जात नाही. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि नेमके याच कामासाठी लोक नवी बॅटरी विकत घेऊन बसतात.

नवी बॅटरी घेण्याआधी तीन मोजमापे

यासाठी डिजिटल मल्टिमीटर लागतो. विजेच्या सामानाच्या दुकानात साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर लावावा. लाल वायर बॅटरीच्या अधिक (+) टोकाला आणि काळी वायर उणे (–) टोकाला टेकवावी.

पहिले मोजमाप सकाळी, गाडी चालू करण्याआधी करावे. आकडा १२.६ ते १२.८ असेल, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत हा आकडा किंचित वर असतो.

दुसरे मोजमाप सेल्फ दाबताना करावे. भरलेल्या बॅटरीचाही आकडा त्या क्षणी खाली येतो, पण तो साडेनऊ-दहाच्या वर राहिला पाहिजे. सकाळी १२.६ दाखविणारी बॅटरी सेल्फ दाबताच सात-आठवर कोसळत असेल, तर तिच्यात जीव राहिलेला नाही. अशी बॅटरी खरोखर बदलावी.

तिसरे मोजमाप इंजिन चालू करून, थोडा ॲक्सिलरेटर देऊन करावे. आता आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास यायला हवा. तो साडेबाराच्या आसपासच अडकून राहिला, तर बॅटरीत भरणाच होत नाही. दोष मॅग्नेटोच्या कॉईलमध्ये, रेग्युलेटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. उलट आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीला उकळून मारतो आहे. या दोन्ही प्रकारांत नवी बॅटरी टाकली तरी तीही काही दिवसांत मरेल. वर्षात दोन-दोन बॅटऱ्या बदलाव्या लागतात अशी तक्रार करणाऱ्यांनी हे तिसरे मोजमाप अगोदर करावे.

मिस्त्रीशी वाद घालण्यासाठी हे सांगत नाही. ‘भाऊ, चार्जिंग किती येते ते जरा मीटर लावून दाखवा’ एवढे शांतपणे म्हणावे. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवितो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुढच्या वेळी जाऊ नये.

महिन्यातून एक रविवार, अर्धा तास

इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. हातातली अंगठी, बांगड्या आणि कडे काढून ठेवावे. साईड कव्हर किंवा सीट उघडून बॅटरी कुठे आहे ते पाहावे. सोडविताना नेहमी आधी उणे (काळी) वायर काढावी, नंतर अधिक (लाल). बसविताना नेमके उलट करावे, म्हणजे आधी लाल आणि शेवटी काळी. याचे कारण असे की गाडीची पूर्ण लोखंडी चौकट उणे टोकाला जोडलेली असते. काळी वायर जोडलेली असताना लाल टोक सोडवायला गेलात आणि पाना चौकटीला लागला, तर मोठी ठिणगी उडते आणि हात भाजतो.

टर्मिनलवरची पावडर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे पुसून, स्क्रू घट्ट करून वरून थोडी व्हॅसलीन लावावी. ग्रीसपेक्षा व्हॅसलीन बरी.

तुमची बॅटरी पाण्याची, म्हणजे वर रंगीत बुचे असलेली असेल, तर डब्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे नको, बोअरचे नको, फिल्टरचेही नको, कारण त्यातील क्षार पट्ट्यांवर बसतात. ॲसिड तर कधीच घालू नये. बॅटरीतले पाणी उडून जाते, ॲसिड आतच राहते. म्हणून भर घालायची ती पाण्याचीच. रेघेच्या वर पाणी भरले, तर ते सांडून चेन आणि चौकट खाते. बॅटरीची बारीक रबरी नळी खाली मोकळी लोंबते आहे ना, वाकून बंद तर झाली नाही ना, हेही पाहावे. ‘मेंटेनन्स-फ्री’ किंवा ‘सील्ड’ लिहिलेली बॅटरी मात्र उघडण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यात पाणी घालायचे नसते.

फ्यूज जळला, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणे होय. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येते का’ ते पाहण्याची जुनी युक्तीही आता बंद करावी. इंजेक्शनच्या गाडीत त्या एका झटक्याने महागडा संगणक जळू शकतो.

बॅटरी काढलीच आहे, तर त्याच अर्ध्या तासात चेनचा ताण, इंजिन ऑईलची पातळी आणि टायरमधील हवा पाहून घ्यावी. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात. ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतात. ही पुस्तिका कपाटात आर.सी.च्या शेजारी ठेवावी, रद्दीत घालू नये.

बाहेरून चार्ज करताना

बॅटरी उतरली, तर बाहेर चार्जिंगला देताना एक नियम सांगावा. अँपिअर-अवरच्या आकड्याचा दहावा भाग एवढाच प्रवाह द्यावा. चार अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. त्याला दहा-बारा तास लागतात. ट्रकच्या बॅटरीबरोबर जोडून तासाभरात ‘फुल्ल’ करून दिलेली छोटी बॅटरी आतून भाजलेली असते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर उणे वायर काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

घरातील माता-भगिनींसाठी खास सूचना

आपल्यापैकी अनेकांची घरे एक-दोन खोल्यांची. तिथेच चूल, तिथेच वंदनेची मेणबत्ती आणि तिथेच मुलांचे अंथरूण. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगी लागली की त्याचा स्फोट होतो. म्हणून बंद खोलीत बॅटरी चार्ज करू नये. गॅलरीत किंवा अंगणात, हवा खेळेल अशा जागी करावी. जवळ बिडी, काडेपेटी, उदबत्ती नको.

ॲसिड घरात आणूच नये. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नको, कारण तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडाले, तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धूत राहावे, हळद-तूप लावत बसू नये आणि तसेच दवाखान्यात जावे. ॲसिड पोटात गेले, तर उलटी करवू नये, तातडीने इस्पितळ गाठावे.

विजेवर चालणाऱ्या नव्या स्कूटरची बॅटरी लिथियमची असते. तिला वरील दुरुस्तीचे नियम लागू नाहीत. ती कंपनीने दिलेल्या चार्जरनेच चार्ज करावी, झोपण्याच्या खोलीत किंवा घराच्या एकुलत्या एका दारापाशी करू नये आणि फुगलेली बॅटरी वापरू नये.

पैशाचा हिशोब

समजा, बॅटरी १,२०० रुपयांची आहे. नीट सांभाळली आणि तीन वर्षे चालली, तर महिन्याला ३३ रुपये पडतात. दीड वर्षात मेली, तर महिन्याला ६७ रुपये. म्हणजे महिन्याला ३४ रुपयांचा फरक. हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल आणि तो तसा आहेही. खरा तोटा वेगळाच आहे. रोजंदारीवाल्याचा एक खाडा पडला तर पाच-सहाशे रुपये जातात, वर गाडी ओढून नेण्याचा खर्च. कंत्राटी कामगाराचे दोन-तीन उशीर झाले की मुकादम दुसरा माणूस बघतो. बॅटरीची निगा घ्यायची ती यासाठी. गाडीचा हप्ता आणि मुलांची फी, दोन्ही हजेरीवरच भरले जातात ना?

बिल घ्या, कार्ड भरून घ्या

बॅटरी घेताना पक्के बिल घ्यावे. बिलावर बॅटरीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा. बॅटरी कोणत्या महिन्यात तयार झाली ते दुकानदाराकडून दाखवून घ्यावे, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत असते. आम्ल भरलेली नवी बॅटरी पहिले चार्जिंग पूर्ण केल्याशिवाय गाडीला लावून घेऊ नये.

वॉरंटीचे दोन भाग असतात, इकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पहिल्या काही महिन्यांत दोष निघाला, तर बॅटरी फुकट बदलून मिळते. त्यानंतरच्या महिन्यांत ‘प्रो-राटा’, म्हणजे वापराच्या प्रमाणात नव्या बॅटरीच्या किमतीवर सवलत मिळते. ‘४८ महिने वॉरंटी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले असेल, तर त्यातले फुकट बदलीचे महिने किती, हा प्रश्न काउंटरवरच विचारावा. बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुधा नव्याने सुरू होत नाही, मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजली जाते.

वॉरंटीत असूनही दुकानदार दाद देत नसेल, तर आधी लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. हजार-बाराशेसाठी कोण कचेरीत जाणार, असे आपण म्हणतो. पण संविधानाने आणि कायद्याने दिलेला हक्क न वापरता पडून राहिला, तर त्याचीही अवस्था उभ्या गाडीच्या बॅटरीसारखी होते.

जुनी बॅटरी जाते कुठे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुनी बॅटरी आपण दीडशे-दोनशे रुपयांना भंगारवाल्याला देतो आणि विसरून जातो. तिथून ती पुष्कळदा शहराबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये जाते. तिथे कुऱ्हाडीने डबा फोडतात, ॲसिड गटारात ओततात आणि उघड्या भट्टीवर शिसे वितळवितात. हे काम करणारी माणसे कोण असतात? तुमच्या-आमच्यासारखी कष्टकरी, भूमिहीन आणि स्थलांतरित. ती शेड कोणाच्या वस्तीशेजारी असते? गरिबांच्याच.

शिसे हे संथ विष आहे. ते श्वासातून आणि हाता-तोंडातून शरीरात जाते आणि हाडांत साठून राहते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ ते खुंटविते, मुलाचे लक्ष लागत नाही, अभ्यासात ते मागे पडते. मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलै २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आहे आणि त्यातील सुमारे २७.५ कोटी मुले एकट्या भारतातील आहेत. बॅटऱ्यांची अशी बेकायदा भट्टी हे त्याचे एक मोठे कारण त्या अहवालात दिले आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला आधी ‘शिका’ असे सांगितले. ज्या मुलाच्या मेंदूवरच शिशाचा थर बसला, त्याने शिकायचे कसे? म्हणून पन्नास रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण जुनी बॅटरी नवी घेतानाच दुकानात परत करावी आणि बिलात वजावट दाखवून घ्यावी. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून योग्य ठिकाणी पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तर त्या इतर कचऱ्यात न टाकता वेगळ्या देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. वस्तीजवळ अशी भट्टी चालत असेल, तर दहा-वीस सह्यांचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि नगरपालिकेकडे द्यावा. आणि आपला कोणी बंधू बॅटरीच्या दुकानात कामाला असेल, तर त्याने जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे बदलून घरी यावे आणि ते मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

विहारात एक मीटर

शेवटी एक सूचना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४२ मध्येच सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य तरुणांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. हातात हत्यार असलेल्या माणसाला त्यामागचे शास्त्रही मिळाले पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आपल्या विहारात किंवा मंडळात वर्गणीतून एक मल्टिमीटर, पान्यांचा एक सेट आणि डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन घ्यावा. प्रत्येक वस्तीत एखादा तरी आय.टी.आय. झालेला किंवा गॅरेजवर काम करणारा मुलगा असतो. महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर त्याने अंगणात एक तास बसावे आणि ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना ही तीन मोजमापे शिकवावीत. या वर्गाला मुलींनाही बसवावे. स्कूटर चालविणाऱ्या मुलीला टर्मिनल घट्ट करता आले, तर रात्रपाळीवरून येताना तिला रस्त्यात कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. त्या मुलाचा मान राखून त्याला थोडे मानधनही द्यावे. यातून कोणाला स्वतःचे गॅरेज किंवा बॅटरी चार्जिंगचे दुकान टाकावेसे वाटले, तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन अनुदान, बीज भांडवल आणि प्रशिक्षण योजनांची चौकशी करावी. हे महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी काम करते. अर्जाबरोबर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि यंत्रसामग्रीचे दरपत्रक लागते. ही कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत.

भगवान बुद्धांच्या शिकवणुकीत अप्पमादाला, म्हणजे सदैव जागृत राहण्याला मोठे स्थान आहे. ते रोजच्या व्यवहारात उतरवायचे, तर नागपूरला निघण्याआधी टायर, ब्रेक, दिवे आणि बॅटरी तपासावी, दोघांनीही हेल्मेट घालावे आणि पाचव्या शीलाची आठवण ठेवून मद्यापासून दूर राहावे. गाडीवर दोनच माणसे बसावीत. लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना एस.टी.ने किंवा रेल्वेने पाठवावे. दीक्षाभूमीवर सर्वजण सुखरूप पोहोचा आणि सुखरूप घरी या.

पुढील अंकात : वस्तीतील भिशी आणि बचत गट यांचे हिशोब कसे ठेवावेत.

जयभीम! नमो बुद्धाय!